म्युर्तेलचा जमाखर्च: दगडांच्या थराखाली उष्णता कशी ये-जा करते

पूर्व स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन खोऱ्यात, पिझ कोर्वाच शिखराच्या उत्तरेकडे उतरणाऱ्या अंगावर म्युर्तेल नावाची एक दगडी हिमनदी आहे. केबल कारचं मधलं स्थानक 2,702 मीटरवर आहे, तिथून ती जवळच. वरून पाहिलं तर बर्फ कुठेच दिसत नाही. दिसतात ते कपाटाएवढे, टेबलाएवढे दगड, आणि त्या दगडांच्या कमानीसारख्या वळ्या, जणू घट्ट पाक ताटात ओतून ताट किंचित कलतं केलं असावं. पाकासारखंच हे सगळं खाली सरकत असतं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या मोजणीत वर्षाला 5-6 सेंटिमीटर.

1987 मध्ये इथे सुमारे 58 मीटर खोल बोअर घेतली आणि तिच्यात ठरावीक खोलींवर थर्मिस्टर, म्हणजे विजेचे छोटे तापमापक, सोडले. आल्प्समधल्या पर्माफ्रॉस्टच्या तापमानाची ही सर्वांत लांब नोंदमालिका. पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्य अंश सेल्सियसच्या वर न गेलेली जमीन. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे अशी अट नाही. म्युर्तेलमध्ये मात्र तो भरपूर आहे. वरचे सुमारे 3 मीटर नुसते दगड आणि पोकळ्या. त्याखाली 28 मीटरपर्यंत जवळपास सलग बर्फ, थोडी वाळू मिसळलेला. 28 ते 32 मीटरच्या आसपास वाळूचा गोठलेला पट्टा, आणि सरकण्याचं बहुतेक काम याच पट्ट्यात होतं. त्याखाली पुन्हा गोठलेले दगड आणि सुमारे 50 मीटरनंतर पायाचा खडक.

हवामान तापतंय, मग डोंगराची जमीनही तेवढीच तापणार, असं गृहीत धरून अनेक अंदाज बांधले जातात. म्युर्तेल हे गृहीतक तपासायला उत्तम जागा आहे, कारण इथे हवा, हिम, दगड, पाणी आणि बर्फ यांचे हिशोब वेगवेगळे मांडता येतात. या लेखात आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थराला ‘हिम’ आणि जमिनीतल्या घट्ट थराला ‘बर्फ’ म्हटलं आहे. उष्णतेच्या हिशोबात ही दोन अगदी वेगळी खाती आहेत.

पहिली नऊ वर्षं

1987 ते 1994 या काळात वरचे सुमारे 25 मीटर झपाट्याने तापले. बोअरमधल्या नोंदींवरून काढलेलं पृष्ठभागाचं सरासरी वार्षिक तापमान 1988 मध्ये उणे 3.3 अंश होतं, ते 1994 पर्यंत उणे 2.3 वर आलं. सहा वर्षांत एक अंश. ही सरळ रेष पुढे ओढली असती तर दोन दशकांत म्युर्तेल संपल्याचं भाकीत निघालं असतं.

पण 1994-95 आणि 1995-96 हे दोन हिवाळे कमी हिमाचे गेले आणि जमीन पुन्हा 1987 च्या पातळीजवळ थंड झाली. हवा काही तेवढी गार झाली नव्हती. बदललं होतं ते पांघरूण.

ताज्या हिमाची उष्मावाहकता मीटरमागे अंशाला 0.1 वॉटच्या आसपास असते, जुन्या दाबलेल्या हिमाची 0.3-0.4. खडकाची 2.5 ते 3. म्हणजे हिमाची गोधडी खडकापेक्षा सहापट ते तीसपट चांगली. सुमारे 80 सेंटिमीटर हिम साचलं की वरच्या हवेतले चढउतार जमिनीला जवळजवळ कळत नाहीत. म्हणून हे हिम केव्हा पडतं याला किती पडतं यापेक्षाही जास्त महत्त्व आहे. ऑक्टोबरमध्येच जाड थर पडला तर उन्हाळ्याची उष्णता आत कोंडली जाते. तेच हिम जानेवारीपर्यंत लांबलं तर दोन-अडीच महिने जमीन उघडी राहून आपली उष्णता आकाशाकडे टाकत बसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी नेमकं उलटं: मे-जूनपर्यंत टिकलेलं हिम ऊन परतवतं आणि जमिनीला वाचवतं.

2015-16 आणि 2016-17 च्या कमी हिमाच्या हिवाळ्यांनंतर स्वित्झर्लंडच्या अनेक बोअरमध्ये असाच तात्पुरता थंडावा दिसला. त्यामुळे पाच-सात वर्षांच्या नोंदींवरून कल काढायला जाऊ नये. दोन हिवाळे अख्खा निष्कर्ष फिरवू शकतात. 1987 पासूनच्या पूर्ण मालिकेत मात्र चढ स्पष्ट आहे.

तीन मीटर दगडांची करामत

म्युर्तेलच्या परिसरात बारीक मातीचे आणि खडकाचे उतारही आहेत. त्यांच्यापेक्षा दगडांच्या थराखालची जमीन थंड का राहते? चीनमधला कुनलुन पर्वत आणि कॅनडातला प्लेटो माउंटन इथल्या मोजण्यांत मोठ्या दगडांखालचं वार्षिक सरासरी तापमान शेजारच्या मातीपेक्षा 4 ते 7 अंशांनी कमी आढळलं. हवामान बदलाच्या अंदाजात हा फरक प्रचंड आहे. म्हणूनच दगडांच्या थरावर अधिक थांबायला हवं.

थंडीच्या रात्री दगडांवरची हवा उणे 10 अंश आहे आणि तीन मीटर खाली, बर्फाच्या माथ्यावर, शून्याच्या जवळ आहे असं समजा. समुद्रसपाटीच्या दाबाला शून्य अंशाची हवा घनमीटरमागे 1.29 किलो भरते, उणे 10 अंशाची 1.34 किलो. फरक फक्त 50 ग्रॅमचा. पण दगड मोठे असतील तर पोकळ्या रुंद असतात, आणि हवेला वाट देण्याची क्षमता साधारण दगडाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढा फरक पुरतो: जड हवा पोकळ्यांतून खाली बसते, उबदार हवा वर निघते. थर वरून थंड आणि खालून उबदार असला की हे अभिसरण आपोआप सुरू होतं.

उन्हाळ्यात उलट घडतं. वर ऊन, खाली बर्फ. थंड जड हवा तळाशी बसून राहते, हलत नाही. स्थिर हवेची उष्मावाहकता जेमतेम 0.025 वॉट. दगडांचे एकमेकांना टेकणारे बिंदू थोडे, त्यामुळे वहनही मंद. परिणामी हा थर एकतर्फी झडपेसारखा वागतो: थंडी आत येऊ देतो, उष्णता सहसा नाही. सहसा, कारण वारा जोराचा असेल तर उन्हाळ्यातही हवा ढवळली जाते, आणि सायंकाळी आकाश निरभ्र असेल तर वरचे दगड थंड होऊन रात्रीपुरतं अभिसरण चालू होतं.

हिवाळ्यात हिम पडल्यावर ही झडप बंद होते का? माती असती तर झाली असती. पण कपाटाएवढ्या दगडांवर 30-40 सेंटिमीटर हिम म्हणजे नुसते शेंडे टोप्या घातल्यासारखे. मधली भोकं उघडीच. म्युर्तेलच्या हिमात नरसाळ्यासारखी भोकं पडलेली पाहिली गेली आहेत. त्यांतून आतली उबदार दमट हवा वर येते, तोंडाशी दव गोठून काठ पांढरे होतात, आणि थंड हवा दुसऱ्या वाटेने आत शिरते. वळ्यांच्या माथ्यावर वारा हिम टिकू देत नाही, खोलगटीत ते साचतं. म्हणजे दहा मीटरच्या अंतरात एक जागा उघडी आणि दुसरी गाडलेली. एकाच बोअरवरून अख्ख्या उताराचा अंदाज करणं इथेच फसतं. 2000 साली शेजारीच आणखी दोन बोअर घेतल्या गेल्या, त्या याचसाठी उपयोगी पडल्या.

जानेवारी 1997 मध्ये म्युर्तेलवर पूर्ण हवामान केंद्र उभं राहिलं: येणारं-जाणारं प्रारण (ऊन आणि उष्णतेचे किरण), वारा, आर्द्रता, हिमाची जाडी. पृष्ठभागाच्या उष्णतेचा हिशोब मांडला गेला आणि तो जुळेना. उन्हाळ्यात कुठेतरी न मोजलेली उष्णता गायब होत होती, हिवाळ्यात न मोजलेली कुठूनतरी येत होती. उपकरणांच्या चुका वजा करूनही तफावत उरली. ती दगडांच्या पोटातली हवा आणि बर्फ यांची होती. पृष्ठभाग ही सपाट रेष धरून चाललेलं कोणतंही प्रतिमान (मॉडेल) अशा जागी चुकतं, कारण इथे ‘पृष्ठभाग’ तीन मीटर जाड आहे.

उष्णता कुठे खर्च होते

त्यानंतरच्या कामात दगडांच्या पोकळ्यांतच उपकरणं बसवली गेली, आणि त्यातून वितळण्याच्या एका हंगामाचा जमाखर्च असा निघाला. जमिनीत शिरणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे 70 टक्के, म्हणजे दर चौरस मीटरला 55 ते 85 मेगाज्यूल, दगडांच्या थरातलाच बर्फ वितळवण्यात जाते आणि ते पाणी वाहून जातं. सुमारे 20 टक्के, 10 ते 20 मेगाज्यूल, दगड तापवण्यात. खालच्या पर्माफ्रॉस्टपर्यंत पोचते ती जेमतेम 10 टक्के, 7 ते 13 मेगाज्यूल.

एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो, म्हणजे तापमान न वाढवता नुसतं बर्फाचं पाणी करण्यात जाणारी उष्णता. म्हणजे 55 ते 85 मेगाज्यूलमध्ये 165 ते 255 किलो बर्फ वितळतो, पाण्याच्या मापात 165 ते 255 मिलिमीटर. हा बर्फ दरवर्षी नव्याने तयार व्हावा लागतो. तो होतो तो असा: हिवाळाभर थंड हवेने दगड गार केलेले असतात. एक घनमीटर खडक एक अंशाने बदलायला सुमारे 2.3 मेगाज्यूल लागतात, त्यामुळे उणे 5 अंशांवरचा एक घनमीटर दगड शून्यावर येईपर्यंत सुमारे 34 लिटर पाणी गोठवू शकतो. एप्रिलपासून वरचं हिम वितळू लागलं की ते पाणी झिरपतं, गार दगडांवर गोठतं आणि पोकळ्या बर्फाने भरतात. भर हिवाळ्यात आत उडून आलेलं हिम आणि साचलेलं गोठलेलं दव यांचीही त्यात भर पडते. पुढे जून ते सप्टेंबर आलेली उष्णता आधी हा साठा खाते.

पावसाची भीती बरेचदा अवाजवी असते. 8 अंशांचा 10 मिलिमीटर पाऊस शून्यापर्यंत थंड होताना चौरस मीटरला 334 किलोज्यूल देतो, त्यात वितळतो फक्त एक मिलिमीटर बर्फ. पाऊस घातक ठरतो तो वेगळ्या कारणाने: पोकळ्या पाण्याने किंवा वाहून आलेल्या बारीक मातीने भरल्या की हवेची वाट बुजते. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या वीसपट आहे.

आता शेवटचे 10 टक्के. 7 ते 13 मेगाज्यूल सगळेच्या सगळे बर्फ वितळवण्यात गेले तर जाडी 2 ते 4 सेंटिमीटरने घटेल, आणि यातला काही भाग हिवाळ्यात परतही जातो. खालून पृथ्वीच्या पोटातून वर्षाला येणारी उष्णता सुमारे 2 मेगाज्यूल असते. 25 मीटर बर्फाला संपायला शतकं लागतील, असं या आकड्यांवरून वाटतं, आणि आजची झडप शाबूत राहिली तर ते खरंही आहे. प्रश्न तिथेच आहे.

अंश थांबतात, वितळणं थांबत नाही

बर्फाळ जमीन शून्याजवळ आली की तापमापक जवळजवळ मुका होतो. आलेली उष्णता अंश वाढवत नाही, ती बर्फाचं पाणी करते, उणे 0.5 ते शून्य या टप्प्यात बारीक कणांभोवतीचा बर्फ हळूहळू पाणी होत राहतो आणि आलेख आडवा दिसतो. एक घनमीटर बर्फ वितळायला 306 मेगाज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत एक घनमीटर कोरडा खडक 130 अंशांनी तापला असता. म्हणून ‘इथे दहा वर्षांत फक्त 0.2 अंश वाढ’ या वाक्याचा अर्थ ‘इथे फारसं काही झालं नाही’ असा कधीच घेऊ नये.

युरोपातल्या 64 बोअरचा 2013 ते 2022 या दशकाचा एकत्रित अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 मीटर खोलीवर काही ठिकाणी दशकाला एक अंशाहून अधिक वाढ निघाली. सर्वांत वेगाने तापत होते ते थंड, उंचावरचे, बर्फ जवळपास नसलेले खडक. तिथे वेग हवा तापण्याच्या वेगाच्या तोडीचा होता. शून्याजवळच्या बर्फाळ जागी वेग कमी दिसला, पण तो अप्रकट उष्म्याचा पडदा होता.

दुसरी बाजू शिल्टहॉर्नची. बर्न आल्प्समध्ये 2,900 मीटरवर, बारीक भुसभुशीत खडकमाती, बर्फ थोडा. वरचा वितळणारा थर सुमारे 5 मीटरचा असे. 2003 च्या उष्ण उन्हाळ्यात तो जवळजवळ 9 मीटरवर गेला. म्युर्तेलमध्ये त्याच उन्हाळ्यात वितळ सेंटिमीटरांनीच खोल गेली. दोन्ही डोंगरांवरून तीच उष्णतेची लाट गेली, फरक खाली किती बर्फ होता आणि वर कसले दगड होते याचा. शिल्टहॉर्नवर बोअरच्या जोडीला जमिनीचा विद्युत रोध वर्षानुवर्षं मोजला जातो, आणि ते योग्यच आहे: बर्फ वीज अडवतो, पाणी वाहू देतं. तापमापक मुका झाल्यावर हा रोधच सांगतो की आत किती पाणी झालं.

ताकदीचा हिशोबही इथेच बिघडतो. खडकाच्या भेगांत भरलेला बर्फ उणे 1.5 ते शून्य अंश या पट्ट्यात सर्वांत कमजोर असतो. तिथे भेग बर्फ नसलेल्या भेगेपेक्षाही घसरायला सोपी होऊ शकते. दगडी हिमनद्यांचा वेगही शून्य जवळ आल्यावर वाढतो, आणि पाणी आत पोचू लागलं तर अधिकच. केबल कारचे खांब, हिमप्रपात अडवणारी कुंपणं, बोगद्यांची तोंडं अशा जमिनीत उभी करताना ‘अजून गोठलेली आहे’ हा दिलासा पुरेसा नाही. किती उणे आहे आणि बर्फ किती आहे, दोन्ही विचारायला हवं. सरकत्या जमिनीवर पाया घालायचाच असेल तर खांबाचा तळ उंच-खाली आणि आडवा हलवता येईल असा ठेवतात, आणि काँक्रीट घट्ट होताना सुटणारी उष्णता बर्फाला लागू नये म्हणून खाली उष्णतारोधक थर देतात.

हवामान बदलल्यावर कोणती खाती बदलतील

उन्हाळ्याची उष्णता वाढेल हे उघड आहे, पण म्युर्तेलसारख्या जागी खरा घाव हिवाळ्याच्या आणि वसंताच्या नोंदींवर बसतो. हिवाळ्यात थंड हवेचे दिवस घटले तर झडपेतून आत येणारी थंडी घटते. गोठवायला थंडीच उरली नाही तर वसंतात पाणी गोठत नाही, वाहून जातं. मग जूनमध्ये खर्चायला साठा नसतो आणि उष्णता थेट खालच्या बर्फावर येते. आज वाटेत अडणारा 70 टक्के भाग अडेनासा होणं, हा या जागेचा सर्वांत मोठा धोका आहे. हिम लवकर गेलं तर ऊन जास्त दिवस लागतं. हिम उशिरा आलं तर मात्र जमिनीचा फायदाच होतो. हे परिणाम एकमेकांना छेद देतात, म्हणून प्रतिमानांना हवेच्या तापमानाइतकीच हिमाची तारीख अचूक लागते, आणि त्यांचा कच्चा दुवा तोच आहे.

मोजताना काय बिघडतं

साधारण 3.5 मीटरमागे वार्षिक चढउतार सुमारे एक-तृतीयांश उरतो. 10 मीटरवर पृष्ठभागाच्या चढउताराचे पाच-सहा टक्केच पोचतात, तेही साडेपाच महिन्यांनी. तिथे सर्वांत उबदार काळ जानेवारीच्या आसपास येतो. 20 मीटरवर ऋतू जवळपास मिटलेले असतात. म्हणून कल पाहायला 10 आणि 20 मीटरच्या खोल्या धरतात, आणि वर्षाची सरासरी ऑक्टोबर ते सप्टेंबर घेतात.

बोअरच्या नळीत हवा वर-खाली फिरली किंवा वितळलेलं पाणी शिरलं तर थर्मिस्टर जमिनीचं नव्हे, नळीचं तापमान सांगतो. सरकत्या दगडी हिमनदीत तारा हळूहळू ताणल्या जातात आणि तुटतात. थर्मिस्टरचं मापही वर्षानुवर्षांत अंशाच्या शतांशाने सरकतं, आणि इथे शतांशच मोजायचे असतात. पृष्ठभागालगतच्या तापमापकासाठी निसर्गाने एक फुकट मापदंड दिला आहे: वसंतात हिमाखाली पाणी-बर्फ एकत्र असताना तापमान आठवडे-आठवडे नेमकं शून्यावर अडकतं. त्या काळात नोंद 0.15 दाखवत असेल तर तेवढी वजा करायची.

बोअर परवडत नसेल तिथे हिमाच्या तळाचं तापमान घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, किमान 80 सेंटिमीटर हिम असलेल्या जागी सळई खुपसून टोकाचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. उणे 3 पेक्षा कमी आलं तर पर्माफ्रॉस्ट बहुधा आहे, उणे 2 ते उणे 3 संदिग्ध, उणे 2 पेक्षा जास्त तर बहुधा नाही. दगडांच्या पोकळीत टोक गेलं तर आकडा फेकून द्यावा. तिथे हवा मोजली जाते.

ही पद्धत लडाखमध्ये चालत नाही, आणि हिमालयात काम करू पाहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. तिथे हिम पातळ आणि विरळ. खारदुंगला रस्त्यावरच्या साउथ पुल्लूला, 4,700 मीटरवर, उष्णतेचा पूर्ण हिशोब मांडायला हवामान केंद्र बसवलं गेलं ते त्यामुळेच: ऊन प्रखर, हवा कोरडी, आणि पृष्ठभागावरून होणारी देवाणघेवाण आल्प्सपेक्षा वेगळी. लडाखातही दगडी हिमनद्या आहेत. तिथे आल्प्सचे आकडे उचलून लावण्याऐवजी म्युर्तेलची क्रमवारी घ्यावी: आधी दगडांचा आकार आणि पोकळ्या, मग हिमाची तारीख, वर्षभर दर दोन-तीन तासांनी नोंद करणारे दहा-पंधरा छोटे तापमापक वळीच्या माथ्यावर, खोलगटीत आणि शेजारच्या मातीत सावलीला पुरलेले, विद्युत रोधाची एक रेषा, आणि हे सगळं पाहूनच बोअरची जागा.